साडेपाचच्या आधीचं दूध

मुळशी तालुक्याच्या पूर्वेला हिंजवडी-माणचा आयटी पार्क आणि पश्चिमेला ताम्हिणीचा घाट. पार्कातल्या काचेच्या इमारतींना रात्र ठाऊक नाही, आणि घाटमाथ्याकडच्या वाड्यांवर पावसाळ्यात कधी कधी दोन-दोन दिवस वीज नसते. तहसील मात्र दोघांचं एकच, पौडला.

धरणाच्या काठाकडच्या एका गावात दूध संस्था होती. गाव भाताचं, पण रोजचा खर्च चालायचा तो दुधावर. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार व्हायचा: एक ते दहा, अकरा ते वीस, एकवीस ते महिनाअखेर. बिलाच्या रात्री संस्थेचे सचिव आणि संकलनावर बसणारी पोरगी असे दोघं जण वही, कॅल्क्युलेटर आणि चहाचा थर्मास घेऊन जागत बसत. फॅटचा आकडा चुकला, पेंडेची उधारी दोनदा कापली गेली, एकाचं दूध दुसऱ्याच्या नावावर चढलं, अशा तक्रारी सकाळी दारात उभ्या असत.

गावातलाच एक पोरगा हिंजवडीत नोकरीला होता. गाव त्याला इंजिनिअर म्हणे. आठवडाभर तिकडं खोलीवर राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. संचालकांनी त्याला गळ घातली, “बाबा, तिकडं साहेबांची कामं करतोस, एक काम गावाचं कर.” पोरगा गुणी होता. एक पैसा न घेता कामाला लागला.

त्यानं आधी कारभाराची चार कोष्टकं केली. पहिल्यात उत्पादक: कोड नंबर, नाव, बँकेचं खातं. दुसऱ्यात संकलन: कोड, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ. तिसऱ्यात दरपत्रक. चौथ्यात कपाती: पेंड, उचल, हप्ता. नाव एकदाच लिहायचं, पुढं सगळीकडं फक्त कोड. कोडाला कोड जुळला की माणूस, दूध, दर आणि कपात एका ओळीत येतात. ही रीत आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. आपल्याकडं ‘दुधाचा महापूर’ योजना सुरू झाली तीही १९७० सालीच. दोन्हींची गाठ या गावात पडायला पन्नासहून अधिक वर्षं जावी लागली.

कोष्टकं ठेवली पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात, भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर. संकलन केंद्रावरच्या संगणकातून पोरगी नोंद करी, ती थेट तिकडं जाई, आणि उत्पादकाच्या हातात वेळ छापलेली पावती पडे. आता या कच्च्या नोंदींचं बिल करायचं होतं. त्यासाठी इंजिनिअरनं डीबीटी हे साधन निवडलं. डेटाबेसात एकामागून एक एसक्यूएलच्या आज्ञा चालवून कच्च्या कोष्टकांतून पक्की कोष्टकं तयार करणं, हे त्याचं काम. थेट खात्यावर अनुदान जमा करायच्या शासनाच्या पद्धतीलाही डीबीटीच म्हणतात; सचिवांनी नाव ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं, दूध अनुदानच खात्यावर जमा होणार.

जोडणी त्यानं नेकीनं केली. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट ५४३२, डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड, एवढं दिलं की जोड लागतो. घाईतला माणूस मालकाचाच पासवर्ड देऊन मोकळा होतो. यानं तसं केलं नाही. डीबीटीसाठी वेगळा वापरकर्ता काढला. कच्च्या नोंदी त्याला फक्त वाचता येतील, बदलता येणार नाहीत. लिहायचं ते स्वतःच्या वेगळ्या कप्प्यात. पासवर्ड फाइलीत लिहून ठेवला नाही. डेटाबेसचं दारही ठरावीक पत्त्यांनाच उघडेल असं केलं.

मग वेळापत्रक. बिलाची फेरी रोज रात्री अकराला धावायला हवी होती. पण जगातले बहुतेक सर्व्हर जागतिक वेळेवर चालतात, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागं. इंजिनिअरला हे ठाऊक होतं. त्यानं अकरातून साडेपाच तास वजा केले आणि वेळापत्रकाच्या ओळीत मिनिट ३०, तास १७ असं लिहिलं. दिवस, महिना आणि वार यांच्या जागी तारे टाकले. रोज, न चुकता. दहा, वीस आणि महिनाअखेरच्या रात्री याच फेरीत बिल पक्कं होई. पक्क्या बिलाला नंतर हात लावायचा नाही हा नियम सचिवांचा, कारण दुसऱ्या दिवशी यादी बँकेत जायची.

चाचण्याही त्यानं लावल्या. कोड रिकामा नको, एकच नोंद दोनदा नको, फॅट मर्यादेबाहेर नको. शेवटी एका उत्पादकाचं अख्खं बिल त्यानं हातानं ताडून पाहिलं. पैशाचाही फरक निघाला नाही. तो कोड त्याच्या वडिलांचा होता.

पहिलं बिल ठरल्या वेळी निघालं. सचिव त्या रात्री दहाला झोपले. वार्षिक सभेत चेअरमननी इंजिनिअरला शाल-नारळ दिला आणि शेजारच्या दोन संस्था ही सोय बघून गेल्या. फेरी संपली की इंजिनिअरच्या मोबाइलवर हिरवी खूण येई. महिने गेले, एकही तांबडी खूण आली नाही.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. टाटा कंपनीचं धरण झालं आणि मुळेचं पाणी चढू लागलं, तेव्हा खालची माणसं वर सरकली, त्यांतली ही वाडी. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले, ‘जान किंवा जमीन’ची घोषणा झाली, धरण व्हायचं ते झालंच. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्या घरांना एक सवय मात्र लागली. कागद टाकायचा नाही. वाडीवरची आक्का याच घरातली. अक्षरओळख बेताची, पण संस्थेची प्रत्येक पावती ती तारेत ओवून खुंटीला टांगी.

आक्काकडं दोन म्हशी. पहाटे धारा काढून, कॅन डोक्यावर घेऊन ती उतार उतरायची. केंद्र पाचला उघडे तेव्हा दारात पहिली तीच. दूध घालून परत वर जायचं, नातवंडांना शाळेला धाडायचं, मग रान. उशीर तिला परवडत नव्हता.

एका बिलाच्या दिवशी ती तारेसकट सचिवांपुढं उभी राहिली.

“भाऊ, येका टायमाचं दूध कमी धरलंय.”

“आक्का, आता हातानं काही होत नाही. सगळं मशिनीवर आहे. मशीन खोटं बोलत नाही.”

“मशीन खोटं बोलत न्हाई. मग म्या बोलते का?”

सचिव वरमले. त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. तिथूनच त्यानं मोबाइलवर पाहिलं आणि सांगितलं, “सगळ्या फेऱ्या वेळेवर झाल्यात, सगळं हिरवं आहे.” सचिवांनी आक्काला तेच ऐकवलं.

आक्का म्हणाली, “आषाढात समदा डोंगुर हिरवाच दिसतो रं. म्हशीला तोंड लावून बघावं लागतं, चारा कोंचा न् रान कोंचं.”

ती गेली. पुढच्या बिलाला पुन्हा आली. या वेळी वाडीवरच्या आणखी तिघी बरोबर होत्या. रक्कम मोठी नव्हती. एका वेळचं चार-पाच लिटर दूध. पण दर बिलाला. चेअरमन म्हणाले, “वरच्या वाडीला कुरकुरीची सवयच आहे.” खाली राहणाऱ्यांची एकही तक्रार नव्हती, त्यामुळं हे बोलणं सगळ्यांना पटलं.

पटलं नाही ते संकलनावरच्या पोरीला. ती रोज या बायकांच्या हातातून कॅन घेत होती. शनिवारी इंजिनिअर घरी आला तेव्हा तिनं त्याला केंद्रावर बोलावून घेतलं. आक्काची तार मागवली, बाकीच्यांच्याही पावत्या आणवल्या. दोघांनी पावत्या बिलाशी लावायला घेतल्या. बिलात प्रत्येक पावतीचं लिटर होतं. अकरा तारखेची आक्काची संध्याकाळची पावती बिलात सापडत होती, सकाळची नव्हती. एकवीस तारखेचं तेच. एक तारखेचं तेच.

“फक्त पहिल्याच दिवशी कशी काय गायब होते?” इंजिनिअर पुटपुटला.

पोरीनं मग अकरा तारखेच्या सकाळच्या सगळ्या पावत्या टेबलावर वेळेप्रमाणं मांडल्या. पाच वाजून सात मिनिटं, पाच-बारा, पाच-एकोणीस, पाच-चोवीस. मग पाच-एकतीस, पाच-चाळीस, सहा-दोन, सहा-पस्तीस. बिलात धरलेल्या पावतीवर ती पेन्सिलनं टिंब देत गेली. पहिल्या चार पावत्या कोऱ्या राहिल्या. पाच-एकतीसपासून पुढच्या सगळ्यांवर टिंब पडलं.

इंजिनिअर त्या दोन पावत्यांमधल्या फटीकडं पाहत राहिला. पाच-चोवीस आणि पाच-एकतीस. मधे साडेपाच.

“अरे देवा,” तो म्हणाला.

मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरून आपली प्रमाणवेळ ठरते. ग्रिनिचच्या पुढं साडेपाच तास. १९०६ सालापासून ही वेळ देशात लागू झाली, तरी मुंबईत पुष्कळ ठिकाणी एकोणचाळीस मिनिटं मागं असलेली जुनी मुंबई वेळच १९५५ पर्यंत चालू होती. म्हणजे एकाच शहरात दोन घड्याळं असली की काय घोटाळे होतात, हे आपल्याला नवं नाही. पोस्टग्रेसचंही असंच दुहेरी आहे. वेळ तो आत जागतिक घड्याळानं ठेवतो आणि विचारणाऱ्याचं घड्याळ जे असेल त्याप्रमाणं दाखवतो. केंद्रावरचा संगणक भारतीय घड्याळ सांगून जोडला गेला होता, म्हणून पावतीवर पाच-सात बरोबर छापलं जाई. डीबीटीच्या जोडणीत घड्याळ सांगितलंच नव्हतं. तिला सर्व्हरचं, म्हणजे जागतिक घड्याळ मिळालं. त्या घड्याळात अकरा तारखेचे पहाटेचे पाच-सात म्हणजे दहा तारखेच्या रात्रीचे अकरा-सदतीस.

वेळेतून तारीख काढताना आक्काचं दूध असं एक दिवस मागं जाई. एरवी ते कळत नव्हतं. पाच तारखेचं दूध चार तारखेला धरलं तरी बिल तेच. पण अकरा तारखेच्या पहाटेचं दूध दहा तारखेच्या खात्यात जाई, आणि दहाचं बिल तर आदल्या रात्री अकरालाच पक्कं झालेलं. जुनं बिल त्याला घेईना, नव्या बिलात त्याची तारीख बसेना. दूध डेअरीत गेलेलं, पावती हातात आलेली, पैसे मात्र कुठंच नाहीत. साडेपाचनंतर येणाऱ्यांची तारीख दोन्ही घड्याळांत एकच असे, त्यामुळं त्यांना झळ नव्हती. इंजिनिअरचे वडील दूध घालत साडेसहाला.

फेरी कधी धावावी हे ठरवताना पोरानं साडेपाच तासांचा हिशेब केला होता. फेरीच्या पोटातल्या तारखांना तोच हिशेब लावायचा राहिला होता.

संध्याकाळी संचालकांची बैठक बसली. इंजिनिअरनं काही न लपवता सगळं सांगितलं. चेअरमननी लगेच तोडगा काढला, “एवढंच ना? मग केंद्रच साडेपाचला उघडू. भानगड मिटली.”

पोरगी सहसा बैठकीत बोलत नसे. त्या दिवशी बोलली. “चूक मशिनीत आणि उशिरा यायचं बायकांनी? आक्काच्या नातवंडांची शाळा संस्थेच्या वेळेवर भरणार आहे का?”

कुणाला उत्तर सुचलं नाही. इंजिनिअर म्हणाला, “तसं काही करायचं नाही. दुरुस्ती एका ओळीची आहे.” आणि ती तशी होतीही. तारीख काढण्याआधी वेळ ‘एशिया/कोलकाता’ या घड्याळात आणावी, एवढं त्या ओळीत सांगायचं. त्यानं ती तिथंच बसून लिहिली. मागच्या सगळ्या बिलांवर चालवली. बुडालेल्या सकाळी एकेक करून वर आल्या, आणि वरच्या वाडीची थकबाकी किती ते दिसलं.

सचिव इतका वेळ गप्प होते. संगणकातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, दुधातलं कळत होतं. ते म्हणाले, “मला एक सांग. आपला टँकर इथनं निघतो तेव्हा लिटर लिहून देतो आपण. शीतकरण केंद्रावर उतरतो तेव्हा ते पुन्हा मोजतात. तूट आली तर त्याच दिवशी फोन येतो. तुझ्या कच्च्या वहीतनं पक्क्या वहीत दूध जातं, तिथं कुणी मोजतं का?”

इंजिनिअरनं मान हलवली. त्याच्या चाचण्या नोंद नीट आहे का हे विचारत होत्या. सगळ्या नोंदी पोचल्या का, हे एकही चाचणी विचारत नव्हती. जी नोंद वाटेतच गळाली तिला रिकामा कोड नाही, दुबार नाही, फॅट चुकीचं नाही. ती कुठल्याच चाचणीपुढं आली नाही, म्हणून नापासही झाली नाही.

त्या रात्री त्यानं नवी चाचणी लिहिली. केंद्रावर उत्पादकाच्या नावानं जेवढे लिटर जमा, तेवढेच बिलात. बेरीज जुळली नाही तर फेरी तिथंच थांबेल, बिल पक्कं होणार नाही, आणि निरोप इंजिनिअरच्या आधी सचिवांच्या मोबाइलवर जाईल. सचिवांनी त्यात एक भर घातली. दर बिलाला चार उत्पादकांच्या पावत्या हातानं ताडायच्या. त्यांतला एक सगळ्यात आधी येणारा, एक सगळ्यात शेवटी येणारा, आणि संचालकांच्या घरचा एकही नाही.

पुढच्या पगारात वाडीवरच्या बायकांची थकबाकी वेगळ्या ओळीत दाखवून जमा झाली. चेअरमन स्वतः वर जाऊन सांगून आले. आक्कानं रक्कम ऐकली, बोटांवर हिशेब केला, म्हणाली, “बराबर हाय.” इंजिनिअर पाया पडायला वाकला तेव्हा तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. “तू चोरी न्हाई केलीस, लेकरा. पर इचारलं न्हाईस.”

तात्पर्य असं. दोन टोकं जोडली आणि फेरी वेळेवर धावली, एवढ्यावर काम संपत नाही. जोडाच्या अलीकडं किती होतं आणि पलीकडं किती पोचलं, हे ज्यानं जोड दिला त्यानं मोजायचं असतं, आणि मोजताना आपल्या घरचा कोड घ्यायचा नसतो. यंत्राची चूक सगळ्यांवर सारखी पडत नाही; या गावात ती सगळ्यात आधी उठून येणाऱ्यांवर पडली, आणि त्यांचं बोलणं कुरकुर म्हणून सोडून दिलं म्हणून इतके महिने टिकली. तुमची दूध संस्था असो, पतसंस्था असो की कारखान्याचं हजेरीपुस्तक. हिशेब यंत्रावर गेला असेल तर चांगलंच झालं. मात्र पावती टाकू नका, आणि पावती घेऊन कुणी दारात आलं तर मोबाइलवरची हिरवी खूण दाखवण्याआधी त्याची पावती हातात घेऊन वाचा.